चाळिसाव्या मिनिटाला तापणारं कार्ड

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. तब्येतपाणी विचारत नाही, तू कधी खरं सांगत नाहीस.

दादासाठी पाठवलेलं खोकं काल परत आलं. फोडलेलंसुद्धा नाही. वर तुझ्या अक्षरात 'गरज नाही'. एवढंच! त्यात त्याच्या कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खेळाचं चित्र पडद्यावर उभं करतं ते, दोन पंखेवालं. त्याच्याकडचं दहा वर्षांपूर्वीचं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मीच त्याला घेऊन दिलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "वन्सं, हे चालतं तरी का?" आता तेच तुला सोडवत नाही?

दादा क्रेनच्या शिडीवरून पडला त्याला तीन वर्षं झाली. खुबा मोडला, काम सुटलं. अठ्ठावीस वर्षं आभाळात बसून लोखंड उचलणारा माणूस तुमच्या दोन खोल्यांत अडकलाय. एक तो ट्रक चालवायचा खेळ राहिलाय त्याला. तोही मधेच बंद पडतो, पुन्हा वाट बघावी लागते, हे त्यानेच मला फोनवर सांगितलं. मी नवं पाठवलं आणि तू त्याला न दाखवता परत धाडलंस. का?

फोनवर विचारलं तर तू "हो, बघू, ठेवते" करतेस, कारण दादा शेजारी असतो. म्हणून तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. उत्तर दे.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी

वन्सं, सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. दुकानात सगळ्यांसमोर फोडावं लागलं. मालक म्हणाले, घरून का? म्हटलं हो, घरूनच म्हणायचं.

कार्ड कसलं ते मला समजावून सांगितलंत, उपकार झाले. दर महिन्याला त्या पंख्यांची धूळ मी काढते, चष्म्याच्या काचा पुसायच्या ब्रशने. तुम्ही तीन वर्षांत किती वेळा आलात? दोनदा. एकदा दवाखान्यात, फळं घेऊन, आणि एकदा लग्नाला जाता जाता, चप्पलही न काढता. दुरून डोंगर साजरे असतात वन्सं, इथे रोज चढावा लागतो.

कार्ड चांगलं चालतंय. थकतं, एवढंच. चाळीस मिनिटं झाली की तापतं आणि सगळं बंद पडतं. मग हे त्याला वीस मिनिटं विसावा देतात आणि पुन्हा बसतात. त्यांची तक्रार नाही, माझी नाही, तुम्हालाच काय ती खाज. म्हातारं झालं म्हणून कुणी बाहेर काढतं का? तसं असतं तर माणसांचीही रांग लागली असती.

पुन्हा खोकं पाठवू नका. परतीचा हमाल मीच होते.

आपली वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

थकतं म्हणे! यंत्र थकत नाही, बिघडतं. मी वजनकाटे दुरुस्त करते, रोज वीस-वीस टनांचे काटे माझ्या हाताखालून जातात. आकडा खोटं बोलला की मला लगेच कळतं.

ठीक आहे, नवं नको तर जुनं तरी नीट कर. त्याच्या चिपवर उष्णता ओढून घ्यायला लावतात तो मलम वाळला असेल किंवा एखादा पंखा अडत असेल. मी सांगते तसं कर. पुढचे पंधरा दिवस दादा बसल्यापासून बंद पडेपर्यंत किती मिनिटं झाली ते रोज लिहून ठेव. पहिल्यांदा किती, दुसऱ्यांदा किती, त्या दिवशी उकाडा होता की गारठा. त्यावरून दोष कुठे आहे ते मी सांगेन. कागद-पेन्सिल लागते, बाकी काही नाही. तेवढं तरी जमेल ना?

आणि माझ्या येण्याजाण्याचा हिशेब तू ठेवू नकोस. आले तेव्हा तू चहाचा कपसुद्धा असा आदळलास की बशीत निम्मा सांडला होता.

नणंद


४ मार्च

वन्सं,

तुम्ही उंटावरून शेळ्या हाका, मी लिहिते.

सोमवार, गारठा. पहिल्यांदा चाळीस मिनिटं, दुसऱ्यांदा चाळीस. मंगळवार, तसंच. बुधवार, ऊन. चाळीस आणि एकेचाळीस. गुरुवारी दुपारी वीज गेली होती, नंतर एकदाच बसले, चाळीस. शुक्रवार, घामाच्या धारा, चाळीस, चाळीस. पुढचा आठवडाही असाच आहे, उगाच शाई कशाला घालवू? मी दोनला दुकानातून येते, तीनला हे बसतात, मी आतल्या खोलीत काचा तपासत असते. आवाज थांबला की घड्याळ बघते.

झालं समाधान? आता सांगा कुठला मलम लावायचा. डोक्याला लावायचा असेल तर तोही सांगा.

वहिनी


१० मार्च

वहिनी,

तुझा कागद मी टेबलावर ठेवला आणि तीनदा वाचला. मग माझ्या हाताखालच्या मुलीला वाचायला दिला. तीसुद्धा हसली.

मरायला टेकलेलं यंत्र वेळ पाळत नाही, वहिनी. गारठ्यात ते तासभर चालेल, उकाड्यात वीस मिनिटांत मान टाकेल. घामाच्या धारा लागल्या तरी चाळीस आणि हुडहुडी भरली तरी चाळीस? एवढी शिस्त तर नव्या कोऱ्या काट्यालाही नसते. हे आपोआप होत नाहीये. कुणीतरी करतंय. घरात माणसं दोन, त्यातला एक खेळतोय.

तू करतेस. कसं ते माहीत नाही, पण तूच करतेस. त्याचं एवढंसं सुखही तुला बघवत नाही? की घराला विजेचा खर्च नको? की मी दिलेल्या वस्तूवर तो हसतो ते खुपतं? मी दादाच्या कानावर अजून घातलेलं नाही. पण मी येतेय, आणि नवं कार्ड माझ्या हातांनी बसवणार आहे. तुझी परवानगी मागत नाहीये.

नणंद


१४ मार्च

वन्सं,

हो. मीच.

आता नीट बसून वाचा, आणि हाताखालच्या मुलीला देऊ नका.

ह्यांना दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: "चाळीस मिनिटांच्या वर एका जागी बसायचं नाही. उठायचं, चालायचं. नाहीतर पायात रक्ताची गाठ होईल आणि ती वर सरकली तर सांगायलाही वेळ मिळणार नाही." तुमचे दादा "हो हो" म्हणाले. घरी येऊन त्या खुर्चीत बसले ते सहा-सहा तास. मी म्हटलं उठा, तर डोळे वटारले. गजराचं घड्याळ ठेवलं, ते भिंतीवर फुटलं. हात जोडले, पाया पडले, तर म्हणाले, "मी काय तुझ्या हुकमाचा ताबेदार आहे?" एकदा मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी आवाज मोठा केला, स्वतःचा नाही, खेळाचा.

मग एक दिवस ते कार्ड खरंच तापलं आणि सगळं बंद पडलं. पंख्यात धूळ अडकली होती. मी दारातून बघत होते, आता शिव्या ऐकायच्या म्हणून. तर ह्यांनी कॉम्प्युटरच्या खोक्यावर तळहात ठेवला, म्हणाले, "तापलंय, थांबायला हवं," आणि काठी घेऊन उठले! क्रेनवरची सवय, वन्सं. तापलेल्या इंजिनावर जबरदस्ती करायची नाही, ते निवेपर्यंत खाली उतरून फेऱ्या मारायच्या. अठ्ठावीस वर्षं हेच केलं त्यांनी. बायकोचं ऐकणार नाहीत, डॉक्टरचं ऐकणार नाहीत, पण यंत्र तापलं म्हटल्यावर मुकाट्याने उठतील.

दुसऱ्या दिवशी मी धूळ काढली आणि चष्म्याच्या चिमट्याने एका पंख्याची वायर उपसून ठेवली. बस्स, एवढंच माझं पाप. आधी कधी पंचविसाव्या मिनिटाला बंद पडायचं, कधी तासाने. पुढे आपसूक चाळीसवर येऊन बसलं. देवाची कृपा म्हटलं, फार विचार केला नाही.

बंद पडलं की मी चहा घेऊन बाहेर येते आणि आम्ही बाहेरच्या लांब गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. बावीस. ते मला वरून खालची माणसं कशी दिसायची ते सांगतात, मी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

नवं कार्ड तापणार नाही. ते तापलं नाही तर हे उठणार नाहीत. म्हणून 'गरज नाही'. कळलं? आता येऊ नका, आणि त्यांना सांगू नका. बायकोने केलंय हे कळलं तर हा माणूस हट्टाने खुर्चीत मरेल, पण उठणार नाही.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

तुझं चौदाचं पत्र मला आज घरी परतल्यावर मिळालं. परवा मी तुझ्याकडे येऊन गेले, ते तुला कळलंच असेल. तू दुकानात होतीस तेव्हा आले आणि तू यायच्या आत निघाले. तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती, उगाच खोटं का बोलू.

नवं कार्ड बसवलंय. जुनं पिशवीत घालून घेऊन आले. दादा तीनदा म्हणाला, "राहू दे ना गं ते, बरं चाललंय." मला वाटलं तुला घाबरून म्हणतोय. मी त्याला दटावलं, म्हटलं दादा, तू वहिनीच्या धाकात राहू नकोस.

तुझ्या कारणावर माझा पुरता विश्वास नाही. नवऱ्याला उठवायला वायरी उपसाव्या लागतात? पण डॉक्टरांचं खरं असेल तर त्याला उठव. तू बायको आहेस, जाऊन म्हण, उठा. एवढं सोपं काम मी पत्राने करायचं का?

नणंद


२ एप्रिल

वन्सं,

हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. कागद मांडीवर आहे, अक्षर लागलं तर वाचा.

तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी मी दोनला घरी आले. खोक्यात नवं कार्ड निळं निळं चमकत होतं. हे म्हणाले, "ती बसवून गेली." मी म्हटलं, "छान झालं," आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. डोक्यात राग मावत नव्हता. चाळीस मिनिटं झाली, आवाज चालूच. तास झाला, चालूच. मला वाटलं, बहिणीचं यंत्र आहे ना, घेऊ दे सुख. मी बाहेर आले नाही. चहा केला नाही. संध्याकाळी दिवे लागले तरी ट्रक चालूच होता. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. ते उठेनात, मी दार उघडेना. सात दिवस, वन्सं. एका घरात सात दिवस आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना बसून होतो.

आठव्या दिवशी पोटरी सुजली. लाल, गरम, हात लावू देईनात. गाठच होती. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर छातीत गेली असती. आता सुया चालू आहेत, सोमवारी घरी सोडतील.

तुम्ही विचारलं होतं ना, उठवायला काय लागतं? हे लागतं. मी स्वतःला माफ करणार नाही, मी दार लोटलं. पण तुम्हालाही करणार नाही. तुमचं चमकणारं सुख तुमच्या भावाच्या पायात गोठलं होतं. इथे येऊ नका. फळं आणू नका.

मला ते जुनं कार्ड परत हवंय. भंगारात टाकलं असेल तर भंगारात उतरून शोधा.


११ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. चुकले. एकदाच लिहिते, पुन्हा म्हणायला लावू नकोस.

कार्ड टाकलेलं नव्हतं. तुला पाठवायचं म्हणून काल बाहेर काढलं. म्हटलं तू वायर उपसलीस ती तशीच राहू द्यावी. बाकी तपासून बघू, नाहीतर त्या वायरीपायी एक दिवस खरंच जळेल. वरचं आवरण उघडलं. वहिनी, वायर उपसलेली नाही.

दोन्ही पंख्यांच्या वायरी जागेवर आहेत. तू काढलेली कुणीतरी परत बसवलीय आणि तिच्यावर पिवळी चिकटपट्टी गुंडाळलीय, दोन वेढे आडवे, एक उभा. तुला ठाऊक आहे तशी पट्टी कोण गुंडाळतं. आमच्या घरी खिडकीच्या कडीपासून माझ्या शाळेच्या डब्यापर्यंत सगळ्याला दादाचे तेच वेढे असायचे, क्रेनवर हादऱ्याने जोड सुटू नये म्हणून शिकलेले. त्या पट्टीवर दीड-दोन वर्षांची धूळ आहे. तुझा ब्रश आतपर्यंत पोचत नाही, म्हणून तुला दिसली नाही.

मी ते कार्ड माझ्या कॉम्प्युटरला लावून सहा तास चालवलं. अवघड खेळ लावला, खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवल्या. कोमट झालं, बस. एकदाही बंद पडलं नाही. तुझ्या घरात गेली दीड-दोन वर्षं ते कार्ड तापलेलंच नाहीये.

मग रोज चाळिसाव्या मिनिटाला बंद कोण करत होतं? तूच लिहिलंस, आधी कधी पंचवीस, कधी साठ, मग आपसूक चाळीस. आपसूक काही होत नसतं. चाळीस हा आकडा डॉक्टरांनी तुमच्या दोघांसमोर सांगितला होता. मी बसवायला वाकले तेव्हा बघितलं होतं, विजेचं बटण टेबलाखाली त्याच्या धडधाकट पायापाशी आहे. अंगठ्याने दाबलं की झालं.

मी म्हटलं होतं, कुणीतरी करतंय, आणि बरोबर होतं ते. माणूस चुकीचा पकडला. तो तीनदा "राहू दे" म्हणाला तेव्हाही माझ्या डोक्यात तूच होतीस. नव्या कार्डावर तो काय सांगणार होता? तापलं म्हणून? कुणी विश्वास ठेवला नसता. तो तुझी वाट बघत बसला असेल, आणि तू दाराआड.

का केलं त्याने, ते मला विचारू नकोस. मला वजनं कळतात, तुम्ही दोघं नाही कळत. तरी एक लिहितेच, तू पहिल्याच पत्राला खरं सांगितलं असतंस तर हे झालं नसतं. आणि मी मागच्या तीन वर्षांत चप्पल काढून आत आले असते तर तू सांगितलंही असतंस कदाचित.

कार्ड मऊ कापडात गुंडाळून ठेवलंय. कधी पाठवू?

नणंद


१८ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र वाचून आधी म्हटलं, ही बाई स्वतःची कातडी वाचवायला गोष्टी रचतेय. दुकानात दोन काचा माझ्या हातून चुकीच्या घासल्या गेल्या. मालकांनी घरी पाठवलं.

हे घरी येऊन आठवडा उलटलाय. कॉम्प्युटरकडे बघत नव्हते, बोलतही नव्हते. काल तीनला पहिल्यांदा बसले. मी आत काचा घेऊन बसले, पण हातात एकही घेतली नाही. घड्याळ समोर ठेवलं. पस्तीस. अडतीस. त्यांचा पाय टेबलाखाली हलल्याचा आवाज आला आणि थांबला. चाळीस झाली. ट्रक चालूच. एकेचाळीस.

मी उठून बाहेर गेले. आधी त्या खोक्यावर हात ठेवून बघितला, हे माझ्याकडे बघत होते. थंडगार होतं, नळाच्या पाण्यासारखं. मी म्हटलं, "अहो, तापलं असेल हे. थांबायला हवं."

त्यांनी माझ्या हाताशेजारी आपला तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "हो गं. फारच तापलंय."

काठी मी दिली. पाय अजून दुखतो, नऊच फेऱ्या झाल्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही, आणि वन्सं, तुम्हीही आयुष्यात कधी तोंड उघडायचं नाही.

माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तरी कार्ड टपालाने पाठवू नका, आदळआपट होते. स्वतः घेऊन या. तीनच्या आधी या, आणि चाळीस मिनिटांच्या वर बसू नका.

वहिनी